वहिनी, रोटर कुठे आहे?

माननीय अध्यक्षा आणि या गॅरेजच्या मालकीणबाई, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो ते मेस्त्रीकाका, काकू, आणि तेलाचे डाग चुकवत खुर्च्या मांडून बसलेले सर्व श्रोतेहो,

गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी बोलावं असं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता बोलणं आलंच.

आमची जुनी गाडी आपण पाहिली आहे. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी. ‘यांचं पहिलं अपत्य,’ असं आई म्हणते. गेल्या वर्षी एका सकाळी ती सुरू होईना. बाबा सेल्फवर सेल्फ मारत होते. इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही. बाबा घामाघूम. “हीसुद्धा गेली आता,” असं पुटपुटत होते. त्या ‘सुद्धा’चा अर्थ मला कळला. कारण त्या दिवसांत बाबांचं विसरणं फार वाढलं होतं.

मी काकांना बोलावलं. काका आले ते नेहमीसारखे कपाळाला आठ्या घालूनच! (हसू नका, आजही आहेत.) बॅटरी ठीक. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येत होतं. मग प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली. मला म्हणाले, “ताई, मारा सेल्फ.” ठिणगी नाही. कॉइलची वायर धरली, तर ठिणगी लख्ख!

“म्हणजे घोळ मधेच आहे,” काका म्हणाले आणि त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आत रोटरच नव्हता. प्रत्येक प्लगला करंट वाटून देणारा तो इवलासा तुकडा. चोरांच्या भीतीने पूर्वी बाबाच तो काढून खिशात ठेवायचे. ही युक्ती घरात आणखी एकाच माणसाला ठाऊक होती.

आई पदराशी चाळा करत उभी होती.

“वहिनी, रोटर कुठे आहे?”

आईने मानेनेच विनवलं, ‘बोलू नका.’ काकांनी खोटं बोलावं, एवढंच मलाही त्या क्षणी वाटत होतं. काका म्हणाले, “वहिनी, गाडी त्यांची आहे. त्यांना कळायला हवं.”

बाबा आईकडे बघत राहिले. “तू काढलास?”

“हो.” आईने पदराच्या गाठीतला रोटर काढून काकांच्या हातात ठेवला. “परवा तुम्ही भाजी आणायला गेलात आणि पार दुसऱ्या गावाहून फोन केलात. आठवतंय?”

बाबांना आठवत नव्हतं. ते बॉनेटला धरून उभे राहिले. आता चिडतील, की कोसळतील?

“कुठे चाललो होतो मी?” त्यांनी विचारलं.

“तुम्हालाच सांगता येत नव्हतं हो.”

बॉनेट सोडून बाबा काकांना म्हणाले, “मेस्त्री, रोटर बसवा. आणि किल्ली हिच्याकडे द्या.”

“अहो, मला कुठे येते चालवायला?”

“मग शिकवा हिला,” बाबा म्हणाले. काकांच्या आठ्या दुप्पट झाल्या. पण शिकवलं! आईने आमचं फाटक दोनदा ठोकलं, काका शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसले, आणि मागून बाबा ओरडत होते, “क्लच, अगं क्लच!”

काका, आमच्या घराच्या वतीने तुमचे मनापासून आभार. घरातलं चारचौघांत बोलून गेले, लांबलंही असेल, सांभाळून घ्या. आणि बाबा दुसऱ्या रांगेत बसलेत. मधेच त्यांनी ‘हे कुणाबद्दल चाललंय?’ असं विचारलं, तर कृपा करून मागे वळून पाहू नका. शेजारी आई आहे. ती सांगेल त्यांना.