मागचं डावं चाक

ऑड्री : चहा गार झाला तुझा. आणि कोट अजून अंगातच. पळून जायचंय का?

क्लाइव्ह : शनिवारी येऊ नकोस, ऑड्री. एवढंच सांगायला आलोय.

ऑड्री : वा! मोटार-शर्यतींच्या क्लबाचा सेक्रेटरी दोनदा फोन करून गयावया करतो, क्लाइव्ह हेथॉर्नला ढाल तुमच्याच हातून द्यायची म्हणतो. मी नवे बूट घेऊन बसले, आणि उत्सवमूर्ती म्हणते येऊ नकोस!

क्लाइव्ह : तीस वर्षांची कारकीर्द, चार मोठ्या शर्यती... ते सगळं वाचून दाखवतील. आणि ढाल द्यायला लायनेलची बायको! माझ्याने नाही घेववणार.

ऑड्री : अकरा वर्षं एकच गाडी आळीपाळीने चालवलीत तुम्ही दोघांनी. तो गेल्याला सत्तावीस झाली. आताच काय झालं?

क्लाइव्ह : आता नाही. तेव्हाच झालं. शर्यत चालू असताना गाडी थांब्यावर, पिटमध्ये आली की उतरणारा काय करतो, तुला ठाऊक आहे.

ऑड्री : बसणाऱ्याचा पट्टा बांधतो.

क्लाइव्ह : आणि बांधता बांधता गाडीचं दुखणं सांगतो. ब्रेक ओढतोय, गिअर अडकतोय, जे असेल ते. त्या दिवशी मी पट्टा बांधला आणि नुसतं ‘झकास चाललीये’ म्हणालो.

ऑड्री : मग?

क्लाइव्ह : मागच्या डाव्या चाकात थरथर होती, ऑड्री. लांब रस्त्यावर हाताला स्पष्ट लागत होती. बोललो असतो तर मेकॅनिकांनी चाक उतरवलं असतं, वीस मिनिटं गेली असती. आम्ही पहिले होतो. चोवीस तासांतले पाचच उरले होते. वाटलं, काढेल तेवढे. दुसऱ्याच फेरीत चाक निखळलं.

(ऑड्री चहाचा कप बाजूला सारते.)

क्लाइव्ह : नंतर मी इतकं सांगायचो, की पोरं मला कुरकुऱ्या म्हणायची. आरसा हलतो, सीट टोचते, एकूण एक सांगायचो. ते का, हे कुणाला कळलं नाही. बोल ना काहीतरी. शिव्या दे.

ऑड्री : थांब जरा.

(ऑड्री कपाटातून एक पिवळा पडलेला तक्ता आणून टेबलावर पसरते.)

क्लाइव्ह : हा त्या दिवशीचा फेऱ्यांचा तक्ता? तू ठेवलास?

ऑड्री : माझं अक्षर आहे. माझं स्टॉपवॉच. तुझ्या शेवटच्या सहा फेऱ्या बघ.

क्लाइव्ह : चष्मा नाही आणला.

ऑड्री : मला पाठ आहेत. दर फेरीला एक सेकंद जास्त. तू दमलास की वेळ वरखाली व्हायची, अशी सरळ चढत नव्हती कधी. गाडीला काहीतरी झालंय हे मला कळलं होतं, क्लाइव्ह. पेन्सिल हातात होती. मॅनेजर चार पावलांवर उभा होता.

क्लाइव्ह : तू... का नाही बोललीस?

ऑड्री : लायनेलने मला शब्द दिला होता. ही एक जिंकली की बस, कायमचा घरी. अकरा वर्षं मी पिटमध्ये उभी राहून घड्याळ दाबत होते रे. मला तो घरी हवा होता. म्हणून गप्प बसले.

क्लाइव्ह : ऑड्री...

ऑड्री : इतकी वर्षं मी तुझ्या नजरेला नजर देत नव्हते. मला वाटायचं, तुला कळलंय.

क्लाइव्ह : आणि मला वाटायचं, तुला.

ऑड्री : तर आता ढाल कुणी कुणाला द्यायची, तूच सांग.

क्लाइव्ह : रडू नकोस. नाहीतर रड. मीही...

ऑड्री : पट्टा नीट बांधला होतास ना?

क्लाइव्ह : दोनदा ओढून पाहिला होता. शपथ.

ऑड्री : काही बोलला तो?

क्लाइव्ह : तुला निरोप होता. द्यायला वळलो, तर तू मान खाली घालून लिहीत होतीस. म्हटलं, सांगू सावकाश. मग कुठल्या तोंडाने सांगणार!

ऑड्री : काय म्हणाला?

क्लाइव्ह : म्हणाला, ‘ऑड्रीला सांग, बॅगा भरायला घे.’

ऑड्री : सकाळीच भरल्या होत्या रे मी.