कर्कस्टोन घाटातली दोन मिनिटं

आणि वर हा यतीन म्हणतो काय, "अजून सत्तर टक्केच पिकली आहेत, घाई कशाला?" सत्तर टक्के... अहो, झाडांची पानं आहेत ती, दहावीचा निकाल आहे का? तुम्हाला सांगते, माझ्या ऑफिसातली सुलक्षणा लग्न होऊन इकडे इंग्लंडात मिल्टन कीन्सला आली त्याला पाच वर्षं झाली, आणि पाच वर्षं ती नवऱ्याकडे, म्हणजे या यतीनकडे, एकच मागतेय, की बाबा रे, मला एकदा लेक डिस्ट्रिक्टला ने, ऑक्टोबरात तिथले डोंगर तांबडे होतात, ते घाटातून गाडीने जाताना बघायचेत. फार मागितलं का तिने? आमच्या गावात डोंगर सोडा, धड चढ नाही, आहेत ते राउंडअबाउट... एक संपला की दुसरा, नुसतं गोल गोल फिरायचं.

तर पहिल्या वर्षी यतीनने एक्सेल शीट केली. पानं कुठे किती पिकली, वारा किती, पाऊस किती, पार्किंग कुठे. शीट पुरी झाली वीस नोव्हेंबरला. आणि पानं? पानं काय थांबतात होय.

दुसऱ्या वर्षी हॉटेलं फुल्ल. तिसऱ्या वर्षी याच्या ऑफिसातला प्रोजेक्ट नेमका तेव्हाच सुरू व्हायचा होता. चौथ्या वर्षी निघाले एकदाचे, तर वादळाचा इशारा आला, अर्ध्या तासावरच्या नॉर्थॅम्प्टनवरूनच परत. पानं काय थांबतात होय. आणि सुलक्षणा? ऑफिसबाहेर मेपलचं एकच तांबडं झाड आहे ना, त्याच्याखाली डबा खायला लागली, रोज, कोट घालून, नाक लाल होईस्तोवर... मी म्हटलं, "अगं, आत ये." तर म्हणते, "थांब गं, हे तरी बघू दे."

यंदा मात्र तिने ड्रायव्हिंग टेस्ट दिली, तिसऱ्या खेपेला पास झाली आणि त्याच संध्याकाळी म्हणाली, "शनिवारी मी निघतेय. यायचं तर ये."

"अगं, पण खरा रंग पुढच्या वीकेंडला भरणार आहे."

"असू दे. पानं थांबत नाहीत, यतीन."

गेले. चार तास मोटरवे, मग कर्कस्टोनचा घाट, ही पहिल्या गिअरमध्ये, शेजारी हा दाराची मूठ धरून, आणि वर पोचतात तर ढग. सगळं पांढरं, दहा पावलांवरची मेंढी दिसेना. बसले गाडीत. एक तास... दोन तास... यतीन फोनची रेंज शोधत रस्त्याकडेच्या दगडी भिंतीपलीकडे गेला, ढग कधी हटणार ते बघायला, आणि नेमका तेव्हाच ढग फाटला. सुलक्षणाने हाक मारली. हा धावत आला तोवर, दोनच मिनिटांत, ढग परत मिटलासुद्धा.

घाट उतरताना तो हळूच म्हणाला, "सांग ना, कसं होतं?"

ती सांगत गेली, समोरच्या वळणावरची नजर न काढता. "डोंगर भाजलेल्या पापडाच्या कडेसारखा... खाली लार्चची झाडं, आमरसासारखी पिवळी... आणि तळ्यावर उन्हाचा एकच पट्टा." तो डोळे मिटून ऐकत होता.

खाली गावात चहाला थांबले. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाई हळहळल्या, "अरेरे, पोरी, गेल्या आठवड्यात यायला हवं होतं. आता काही उरलं नाही." सुलक्षणा कप घेऊन तशीच उभी. आणि यतीन, ज्याने एक पान पाहिलेलं नाही, तो त्या बाईंना म्हणाला, "नाही हो, आजच फार सुंदर होतं. तळ्यावर ऊन पडलं होतं."

आता असल्या माणसावर रागवायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.