चोराच्या बगलेतली अरुंधती

...आन् म्हणे अस्वल! अवो, कुठं हाय अस्वल? तुमाला सांगतो, सगळा जल्म निमगाव सावाच्या रानात गेला माझा, उसाला रातचं पानी धरताना वर बघून बघून मान आखडली, पर अस्वल कवा दिसलं न्हाई. तिथं दिसती ती बाज! चार चांदण्या म्हंजी बाजंचे चार खूर, आन् मागच्या तीन म्हंजी तीन चोर, म्हातारीची बाज पळवाया आलेले. आज्यानं बापाला दावली, बापानं मला दावली, मी पोरांना दावली. चोरांना काय बाज उचलंना आन् म्हातारी काय उठंना, येवढं सरळ काम हाय, पर भाचीचं लगीन झालं आन् माझं सगळं आभाळच इस्कटलं की वो!

आता भाची म्हंजी मोहिनी, माझ्या थोरल्या भनीची. नवरदेव सुदर्शन, घोडेगावकडचा, पोरगं झ्याक. गोरज मुहूर्त, मे म्हैना, अक्षदा पडल्या, सप्तपदी झाली, पंगती खोळंबल्यात, आन् भटजींना येडगावला जानारी शेवटची जीप गाठायची घाई. ते म्हनले, "आता अरुंधतीदर्शन! मुलीचे मामा कोण? चला, दोघांना मांडवाबाहेर घ्या. सप्तर्षींच्या शेपटातला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून बारीक चांदणी आहे ती अरुंधती. ह्या जोडप्यासारखा संसार करा म्हणावं."

मी म्हनलं, सप्तर्षी कंचं? तर भटजींचं बोट सरळ बाजंकडं! आता काय करायचं मानसानं? ज्याला मी जल्मभर चोर म्हनलो त्यो वसिष्ठ रुशी निघाला, आन् शेजारी त्याचं कुटुंब! माझ्या डोक्याचं पार पिठलं झालं, आन् तोंडातनं निघून गेलं, "मोहिने, त्यो मधला चोर बग. त्या चोराच्या बगलेला त्याची बायकू उभी हाय, तुमी दोघं तसंच ऱ्हावा!"

झालं! व्याही मांडवाचा खांब सोडून पुढं आला. "पावनं, आमच्या पोराला चोर म्हनता व्हय?" मी म्हनलं, "अवो, तुमच्या पोराला न्हाई, रुशीला म्हनलं." त्ये ऐकून भटजी भडकले! "शांतम् पापम्!" आता मी तरी काय करू राव? मला आपली बाजच दिसतीय!

पर खरी गंमत म्होरंच हाय. आमची आई, कोंडाबाई, मांडवाच्या कडंला बसल्याजागी वरडली, "हौश्या, तुला सोताला तरी दिसली का ती?" म्या खरं सांगितलं, "न्हाई." आई म्हनली, "अरं देवा! अरुंधती ज्याला दिसत न्हाई, त्यो मानूस सा म्हैन्याच्या वर जगत न्हाई रं!" मंग मी एकेकाला इचारत सुटलो. मोहिनी? "दिसली, मामा." जावई? "दिसली." व्याही? "कवाच!" बँडवाला, त्यो तर मांडवाच्या आत, वर ताडपत्री, त्यो बी म्हनतो, "दिसली की!" म्हंजी समदं वऱ्हाड जगनार आन् मामा तेवढा जानार? तुमी हसताय, पर मला लई भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू?

म्हनलं, शिकल्या-सवरल्या मानसाला इचारावं. आमच्या गावात सोपान मास्तर हायेत, पोरांना आभाळ दावीत फिरत्यात. खोडदला त्या थोरल्या तबकड्या उभ्या हायेत ना, म्हनलं, "मास्तर, तिथं वळख लावा, त्यातनं तरी दिसंल." तर मास्तर म्हनतात, "ती रेडिओ-दुर्बीण आहे हौशीराम, त्यातून बघत नाहीत, ऐकतात." ऐकत्यात? चांदण्या काय गवळनी म्हनत्यात व्हय?

मंग मास्तर सुरू झाले. "तुमची बाज ना, ते ग्रीकांचं मोठं अस्वल." म्हनलं, आन् मागचे तीन चोर? "ते अस्वलाचं शेपूट." आता आमच्या गावात दरवेशी अस्वल घ्यून येतो, त्याला येवढुसं बी शेपूट नसतंय, आन् ह्याला बाजंपरीस लांब? "इंग्लंडात काही लोक त्याला नांगर म्हणतात." हां, ह्ये कायतरी शेतकऱ्याला पटन्यासारखं! "आणि जुने अरब लोक म्हणायचे, ती बाज नाही, तिरडी आहे. मागे तीन लेकी रडत चालल्यात."

तिरडी!! आवो, मी इथं सा म्हैन्याचा पावना, आन् हा बाबा मला वर तिरडी दावतो? मास्तर मातुर रंगात! "वसिष्ठाला अरबी नाव मिझार, म्हणजे कमरेला गुंडाळायचा पंचा. आणि अरुंधतीला सुहा, म्हणजे दुर्लक्ष झालेली." आता बोला! आमचा चोर त्यो भटजींचा रुशी, रुशी त्यो अरबांचा पंचा, बाज ती तिरडी, तिरडी त्ये अस्वल... आन् मला आपली बाजच दिसतीय!

शेवटाला मास्तर म्हनले, "हौशीराम, त्या चांदणीवर पूर्वी शिपायांची नजर तपासायचे म्हणतात. तुम्हाला मरण नाही, नंबर आलाय." गेलो नारायणगावला, डाक्टरनं डोळं तपासलं, चष्मा दिला. पाऊस अजून लागला नव्हता. दिवस मावळून चांगलं अंधारल्यावर अंगनात उभा ऱ्हायलो, वर बगितलं... आन् तुमाला सांगतो, मधल्या चोराला खेटून, मोहरीयेवढी, पर लखलखीत! डोळं भरून आलं माझं. वाचलो म्हनलं!

हाक मारली, "सरू, भायेर ये, अरुंधती दिसली!" आमचं कुटुंब सरूबाई, पिठाचे हात घ्यून आली. "कुठं हाय?" म्हनलं, "अगं, आपल्या लग्नात तुला दिसली व्हती की! सगळ्यांम्होरं हो म्हनलीस." तर म्हनती कशी, "कुठली दिसतीय! तुमच्या आत्याबाईनं दंडाला चिमटा काढला, म्हनली हो म्हन, पंगत खोळंबलीया. म्हनलं हो."

मी म्हनलं, "मंग इतकी वर्सं तू जिती कशी?"

"मराया सवड कवा दिली तुमी?" आन् गेली आत, भाकरी करपंल म्हनून.

तवापासनं झोप न्हाई बगा. परवा धीर करून इचारलं, "सरू, माझ्यासंगं सुखात हायेस न्हवं?" तर लगीच म्हनली, "हो." आता ह्ये 'हो' दिसून म्हनली का चिमटा आठवून? पुन्यांदा गेलो डाक्टरकडं, इचारलं, बायकूच्या मनातलं दिसायला कंचा नंबर लागतो. डाक्टरनं आपला सोताचा चष्मा काढला, पुसला, आन् म्हनला, "हौशीराम, मलाबी त्यो नंबर अजून घावला न्हाई."