याला फासे लागत नाहीत

(बहिणीची भाड्याची खोली, दुपार. एकुलत्या एका खुर्चीत भाऊ अवघडून बसलाय, मांडीवर एक जाड वही. बहीण खाटेवर बसून दुकानातून आणलेल्या चष्म्यांना काड्या बसवतेय.)

बहीण : नाही म्हटलं ना. रविवारी आमचं दुकान उघडं असतं.

भाऊ : मग शनिवारी खेळू. सगळे तयार आहेत. पोस्टमन तर म्हणाला, ती आली तरच मी येतो. मुद्दा असा की, आपला राजाराणीचा खेळ मी नव्याने मांडलाय. राज्य तेच, ड्रॅगन तेच, सोंगंही ज्याची त्याला. नियम मात्र बदललेत.

बहीण : तू आणि नियम बदललेस? तब्येत बरी आहे ना, दादा?

भाऊ : कर थट्टा. आता राज्यात सभा आहे. प्रत्येकाला एक मत, लाकूडतोड्यालासुद्धा. बायकांना गादीवर हक्क. आणि किल्ल्याचं दार कुणीही ठोठावलं तरी उघडायचं. हा पहिला नियम.

बहीण : पाच वर्षांपूर्वी पोस्टमन याच सभेसाठी भांडत होता. लाकूडतोड्याचं सोंग त्याचंच. त्याला काय म्हणालास तू?

भाऊ : आठवतंय मला.

बहीण : "मध्ययुगात यायचं तर आजचे विचार चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचे." तोंडपाठ आहे. बिचारा कुऱ्हाड सांभाळत गप्प बसला.

भाऊ : मला खेळ खरा हवा होता गं. आठवडाभर संघटनेच्या कचेरीत मी दुसरं काय करतो? समान वेतन, समान हक्क, पत्रकं, मोर्चे. रविवारी चार माणसं जमणार, एकेक सोंग घेणार, मी गोष्ट पुढे नेणार, आणि राजाराणी होऊनही आपण तेच बोलणार असू, तर सोंग घ्यायचं कशाला? त्या काळच्या माणसाला हे विचार सुचलेच नसते, एवढंच माझं म्हणणं होतं.

बहीण : झाली सभा सुरू. अरे, मला पटायचं ते. पण आज वही घेऊन का आलास?

भाऊ : तुझ्या वकीलबाईंनी कोर्टातल्या अर्जाची प्रत दिली. साक्षीआधी वाचून ठेवा म्हणाल्या. तुझ्या नवऱ्याने तुला पहिल्यांदा खोलीत कोंडलं, ती तारीख आहे त्यात. बुधवार रात्र ते शुक्रवार सकाळ. मी घरी आलो आणि ही वही काढली. प्रत्येक डावाखाली मी तारीख घालतो.

बहीण : मग?

भाऊ : त्याच रविवारी तू खेळायला आली होतीस.

बहीण : आले होते. तुझ्याकडे यायचं म्हटलं की सोडायचा तो. मेव्हणा मोर्चेवाला, म्हणून जरा टरकून असायचा.

भाऊ : वाचू का?

बहीण : वाच. चष्मा देऊ? ढीगभर आहेत.

भाऊ : "उत्तरेच्या सरदाराची बायको नवऱ्याचा किल्ला सोडून सात दिवस चालत भावाच्या किल्ल्यापाशी आली. म्हणाली, काही दिवस राहू दे." ती सरदारीण तू. आणि तो भाऊ मीच झालो होतो.

बहीण : घोगरा आवाज काढला होतास.

भाऊ : "भावाने दार उघडलं नाही. लग्न झालेली बहीण नवऱ्याच्या राज्याची. ठेवून घेतली तर युद्ध होईल. चार शिपाई बरोबर देऊन तिला परत पाठवलं."

बहीण : पोस्टमन म्हणाला, निदान फासे तरी टाकू दे तिला. सहा पडले तर उघड दार. तू म्हणालास, याला फासे लागत नाहीत. तेव्हा तो भडकलाच. म्हणाला, आग ओकणारा ड्रॅगन चालतो, बोलणारं झाड चालतं, आणि बहीण माहेरी राहिली की इतिहास बिघडतो?

भाऊ : हसलो होतो आपण सगळे.

बहीण : मीसुद्धा. आधी रडले, मग हसले.

भाऊ : पुढची ओळ माझ्याने वाचवत नाही.

बहीण : मी सांगते. "भूमिकेत शेवटपर्यंत राहिल्याबद्दल पन्नास गुण." खरी आसवं गाळली म्हणून. टाळ्या वाजवायला लावल्यास सगळ्यांना.

भाऊ : लाज वाटते मला. पण तू सरळ का नाही बोललीस? खेळ संपल्यावर, जिन्यात, फोनवर, कुठेही.

बहीण : बोलायचं म्हणूनच आले होते. पिशवीत दोन जोड कपडे होते. पिशवी तुझ्या दाराआड ठेवली होती, छत्रीखाली.

भाऊ : म्हणजे खेळात तू मला पारखत होतीस?

बहीण : छे रे. एवढी हुशार असते तर ते लग्नच केलं नसतं. दुपारभर शब्द जुळवत होते, जुळेचनात. मग माझी पाळी आली. तू विचारलंस, "सरदारीणबाई, आता तुम्ही काय करता?" आणि ते तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर वाटलं, सुटले. आता दादाला कळेल.

भाऊ : मला वाटलं, खेळ चाललाय.

बहीण : खेळच चालला होता. त्याबद्दल नाही म्हणत मी. पण त्यानंतर मला कळेना, तुझं सोंग कुठलं. मोर्च्यात बोलतोस ते, की किल्ल्यावरून बोललास ते? मोर्च्यातलं भाषण तू लिहून काढतोस, आरशासमोर म्हणून बघतोस. किल्ल्यावरचं किती सहज आलं. वहीतसुद्धा बघावं लागलं नाही.

भाऊ : असं नको ना म्हणूस.

बहीण : मग पिशवी उचलली आणि गेले परत. शिपाई तेवढे नव्हते बरोबर.

भाऊ : चार वर्षं.

बहीण : आणि दोन महिने. वकीलबाईंनी लिहिलेत.

भाऊ : म्हणून तर डाव नव्याने मांडला. तोच प्रसंग पुन्हा खेळू. तू ये, दार ठोठाव...

बहीण : आणि तू उघडणार. तुझ्या जिवाला बरं वाटेल. मला मात्र पुन्हा त्या दाराबाहेर उभं राहावं लागेल. तेवढं माझ्याने होणार नाही, दादा. खरंच नाही होणार.

भाऊ : मग मी काय करू ते तरी सांग.

बहीण : साक्ष दे. आणि एक विचारते, त्याचं सभेतलं उत्तर देऊ नकोस. त्या रविवारी मी खेळात नाही, जिन्यात विचारलं असतं. तुझी बहीण, हातात पिशवी. काय म्हणाला असतास?

भाऊ : हे काय विचारणं झालं? अर्थातच मी...

बहीण : घाई नाही. अजून सहा चष्मे आहेत माझे.

भाऊ : म्हणालो असतो, थोडं सांभाळून घे. मी बोलतो त्याच्याशी. दोन दिवस राहा हवं तर, मग मी येतो सोडायला.

बहीण : सोडायला.

भाऊ : हो. स्कूटरवरून.

बहीण : मग बरं झालं, मी खेळातच विचारलं. जिन्यात हे ऐकलं असतं, तर मघाशी तुला दार उघडलं नसतं.