अकरा रोजांचा रहाट

माझं माहेर मिऱ्याचं. बापूस गलबतावर तांडेल, भाऊ त्याच धंद्यात, समुद्र दारात, त्यामुळे पाणी म्हणजे समोर पसरलेलं, कुणाला न संपणारं, असंच मला वाटायचं. ते विहिरीतून कळशी कळशीने उपसून झाडाच्या मुळात घालायचं असतं, हे लग्न होऊन हातखंब्याच्या अलीकडे ह्या गावात आले तेव्हा कळलं. आमचे हे आगबोटीवर खलाशी, वर्षातून महिनाभर घरी. शाळेचं तोंड मी बघितलं नाही, अक्षरं शिकले ती मनीऑर्डरच्या कुपनावरून, पोस्टमन वाचून दाखवायचा नि तो गेला की मी त्यावरून बोट फिरवीत बसायची. तेव्हा तुम्ही लिहून घेताय ते घ्या, पण मागाहून मला दाखवा, मी वाचते हो सगळं.

शिरोड्याला माणसं मीठ उचलायला गेली ना, त्याच्या पुढल्या वर्षाची गोष्ट. ह्यांनी विहिरीखालच्या तुकड्यात पोफळीची साठ रोपं लावली, सुपारीची हो, नि गेले बोटीवर. पोफळ लहानपणी तान्ह्या पोरासारखी, उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं की मान टाकते. दर रोपाला दोन कळशा, म्हणजे रोजच्या सहा वीसा कळशा, आणि उपसणारी मी एकटी. शिमगा आला तशी रोपांची टोकं पिवळी पडायला लागली. शेजारच्या घरात थोरले दीर, सगळे त्यांना तात्या म्हणत. ते मला थेट बोलायचे नाहीत, मला ऐकू जाईल असं जावेला सांगायचे. म्हणायचे, बाईमाणसाला आगर झेपायचं नाय, रोपं मेली की तो तुकडा मी बघेन म्हणावं. आणि तात्यांनी बघायला घेतलेली जमीन परत कुणी बघितली नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत. माझा जीव त्या साठ रोपांत अडकला होता.

तर मी भिकू मेस्ताला, म्हणजे गावच्या सुताराला, बोलावलं, म्हटलं पायरहाट करून द्या. पायरहाट तुम्ही बघितला नसेल. विहिरीच्या तोंडावर लाकडाचं चाक, चाकाला दांड्या, माणसाने मागच्या पाटावर बसायचं, हाताने वरची दांडी ओढायची नि पायाने खालची रेटायची, की चाक फिरतं, लोट्यांची माळ खाली जाते नि भरून वर येते. लाकूड मालकाचं, दुपारचं जेवण मालकाचं, मेस्ताला दर रोजाचे बारा आणे. भिकूने विचारलान, चालवणार कोण? माझ्या कमरेवर कळशी, डोकीवर ऊन, मी वैतागून म्हटलं, कोण चालवणार, तुमचा ग्रामदेव? मीच! आणि मीच हसले. कारण बाई रहाटावर बसलेली मी कुठल्या गावात बघितली नव्हती. भिकू हसला नाही. आंब्याखाली बसला, पान लावलान, नि माझी पाण्याची ये-जा बघत अख्खी सकाळ घालवलीन. मी मनात म्हटलं, झालं, अर्धा रोज बसून खाल्लान मेल्याने.

मग काम धरलान ते अकराव्या दिवशी चाक विहिरीवर चढवलान. आठ-दहा माणसं जमली. पहिले बसले तात्या, दुसरं कोण बसणार? पाय उचलले तर गुडघे हनुवटीला लागायला लागले, दांडी पायाला मिळेना, एकदा तर पाटावरून घसरले. कुणीतरी फिस्सकन हसलं. तात्या लाल. म्हणाले, हा काय रहाट म्हणायचा की पाळणा? असल्या खेळण्याचे अकरा रोज? बारा आण्यांनी सव्वाआठ रुपये? सहा रोजांचे घे नि चालता हो. आणि काय सांगू तुम्हाला, खांबाआड उभी राहून मलासुद्धा वाटलं की तात्यांचंच खरं. ह्यांनी पाठवलेले पैसे वाकड्या लाकडात घातले, आता रोपं गेली नि तुकडाही गेला. भिकू एक शब्द समजावून सांगेल तर शपथ. एवढंच म्हणाला, परका मेस्त आणा.

ही आमच्याकडची रीत. मजुरीवरून वाद झाला की दुसऱ्या गावचा मेस्त बोलवायचा, त्याने काम बघून आकडा सांगायचा, तो दोघांनी मुकाट मानायचा. बोलावलेल्याला नारळ नि विडा, बाकी काही नाही. तात्यांनी मुद्दाम लांज्याकडचा राघो मेस्त आणला. देवळातल्या पालखीचं काम कुणाचं, ह्यावरून भिकूशी त्याचं वाकडं, दोघं वर्षानुवर्षं बोलत नव्हते. जाऊ मला म्हणाली, बघ गो, आता कशी जिरते त्या भिकूची.

राघो मेस्त सकाळीच आला. म्हातारा, कानात भिकबाळी, बोलायला खवट. भिकू बांधावर पाठ करून बसलेला. राघोने चाकाला बोट लावून बघितलान, सांधे बघितलान, कुठे सुई जाईल एवढी फट नाही. मग स्वतः बसला. त्याचेही गुडघे आदळले. तात्या म्हणाले, बघितलंत? राघो उठला नि चाकाकडे न बघता खाली बघायला लागला. विहिरीच्या काठी सांडलेल्या पाण्याचा चिखल, त्यात माझी पावलं उमटलेली. म्हातारा उकिडवा बसला, पावलावर वीत ठेवलीन, एका पावलापासून दुसऱ्यापर्यंत विती मोजल्यान, मग तीच वीत चाकाच्या दांड्यांवर ठेवलीन. विचारलान, इथे पाणी कोण भरतं? मी पदर पुढे ओढून म्हटलं, मी.

बस गो बाय, म्हणाला.

तात्या कडाडले, आमच्या घरातल्या बायका रहाटावर बसत नायत! राघो म्हणाला, बाप्ये तर बसून झाले, आता राहिलं कोण? बस गो.

मी कासोटा खोचला, पाटावर बसले, वरच्या दांडीला हात घातले. पाय टाकला तो थेट दांडीवर. दुसरा टाकला, तिथेही दांडी होतीच. खाली बघावंसुद्धा लागलं नाही. चाक कुरकुरलं नि सुटलं. माळ खाली गेली, लोटे बुडबुडले, वजन आलं, मला वाटलं आता दम लागणार, पण मी नुसती चालत होते हो, घरून विहिरीवर यावं तशी, आणि पहिला लोटा वर येऊन पन्हळीत ओतला गेला, मग दुसरा, मग मी मोजायचं सोडलं. पाणी चर धरून रोपांकडे निघालं. माझ्या मापाचं म्हणून जन्मात कुणी काही केलं नव्हतं, लग्नातली चोळीसुद्धा थोरल्या बहिणीच्या मापाची, आणि ह्या माणसाने माझ्या अंगाला दोरी न लावता, तोंडाकडे न बघता, चिखलातून मला उचलून लाकडात बसवलं होतं.

राघो म्हणाला, अकरा रोज बरोबर. मी केला असता तर आठांत केला असता, नि तो तात्यांना बसला असता.

मग पहिल्यांदाच भिकूकडे वळला. विचारलान, बघत बसलास ती सकाळ ह्यात धरलीस काय? भिकू म्हणाला, नाय. ती बसलेली. कामाची नाय. राघोने कपाळाला हात लावलान. म्हणाला, अरे मेल्या, तीच तर कामाची! आणि तो खवट म्हातारा भिकूच्या शेजारी बांधावर टेकला, त्याच्या चंचीत हात घातलान नि पान काढून घेतलान. विचारलंसुद्धा नाही.

सव्वाआठ रुपये मी माझ्या हाताने मोजून दिले, तात्यांच्या देखत. आकडा ठरला म्हणजे ठरला, वर पैसा चालत नाही, म्हणून त्या सकाळीसाठी एक नारळ ठेवला. भिकूने घेतलान.

रोपं जगली, चार सोडून. तुकडा माझ्याकडेच राहिला. ह्यांनी घरी आल्यावर हौसेने रहाटावर बसून बघितलं, गुडघा फोडून घेतला नि परत नाव काढलं नाही. दोन्ही मेस्त गेले आता. सुना मला विचारतात, आई, हा गवंडी इतके मागतो, हा लोहार तितके, बरोबर आहे का हो? त्यांना वाटतं मला कळतं. मी त्यांना सांगते, मला काही कळत नाही गो, बघत बसलेल्या माणसाला मी रिकामा समजणारी बाई. कामाची किंमत कळायला तसलंच काम केलेला माणूस लागतो, आणि तोही राघोसारखा सरळ.

असे हात देवाने सुखी ठेवावे, कुठल्याही गावचे असोत. तुम्हालाही ठेवो. सकाळपासून तुमचा हात चाललाय, दुखत असेल, थांबा आता, पोह्यांची बशी येतेय.