डाळीनं ओळखलेलं पाणी

एक होती मी, एक माह्यी पोरगी शालू, अन् एक तिचे कॉलेजातले सर. गाव आमचं केळझरकडचं.

शालूनं कॉलेजच्या प्रकल्पासाठी उन्हाळ्यात डोंगरातल्या तलावाचं अन् आमच्या विहिरीचं पाणी तपासाले भरून आणलं. गार राहाव्या म्हणून मीच त्या दोन बाटल्या रांजणात बुडवल्या, अन् नावाच्या चिठ्ठ्या सुटून गेल्या.

पावसाळा लागल्यावर सर घरी आले अन् म्हणे, "बिननावाचं पाणी मी तपासत नाही. उन्हाळ्यातलं पाणी आता पावसात कुठून आणशील? वर्ष गेलं तुझं."

शालू रडाले लागली. मी म्हटलं, "थांबा सर. दोन्हीतलं थोडं थोडं द्या, तुरीची डाळ शिजवून पाह्यतो."

"बाई, हे शास्त्र आहे, स्वयंपाक नाही."

"तुमचं शास्त्र चिठ्ठीवर चालते, माह्यं डाळीवर. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाई, म्हणून तं वरणासाठी तलावावरून हंडा आणतो मी."

दोन गंज चुलीवर चढवले. एका गंजातली डाळ मऊ झाली, दुसऱ्यातली गोटेच राह्यली. सरांनी विहिरीचं ताजं पाणी तपासलं, तं ते गोटेवाल्या बाटलीशीच जुळलं. मंग दोन वाट्या वरण खाल्लं.

शालू पास झाली. आता तीच कॉलेजात शिकवते, अन् पोरांले चिठ्ठी दोऱ्यानं बांधाले लावते.