दौलतबापूंची फीत

काकू, शेषरावभाऊ, गणपततात्या आणि बापूंच्या मळ्यात जमलेल्या सर्व आयाबहिणींनो, वडीलधाऱ्यांनो,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. म्हणून लिहून आणलं आहे. दोनदा लिहिलं, दोनदा तपासलं. तरी मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

परवा सकाळी मी अंगणात माझ्या ट्रंकेवर नाव रंगवत बसलो होतो. आडनावाचं शेवटचं अक्षर राहिलं होतं. तेवढ्यात बापूंचे चिरंजीव शेषरावभाऊ कुंपणाशी आले आणि म्हणाले, "बापू गेले." मी ब्रश खाली ठेवला. ते अक्षर अजून राहिलेलंच आहे.

ट्रंक कशासाठी, ते तुम्हाला माहीत आहे. मी फौजेत भरती झालो आहे. सोमवारी नांदुऱ्याहून माझी गाडी आहे.

दौलतबापू मागच्या मोठ्या लढाईत समुद्रापार गेले होते. आपल्या जानेफळातून गेलेले ते एकटेच. तिकडे ते लान्स नायक झाले, बाहीवर एक फीत लागली. तसा फोटो घरी आला होता. पण बापू परत आले तेव्हा बाही कोरी होती. गावानं कारण ठरवून टाकलं. दारू.

तात्या, रागावू नका, पण पारावर सगळ्यांत जास्त तुम्हीच छेडत होता. "काऊन रे दौलत, फीत कोन्या कलालाच्या घरी ठेवली?" बापू चिलीम झटकत म्हणायचे, "थंडी लय होती तात्या, शेकोटीत घातली." सगळे हसायचे. बापूही हसायचे. पण बापूंना दारू पिताना कोणी पाहिलं होतं? या मळ्यात बसलेल्यांपैकी एकानं तरी पाहिलं होतं?

फीत कशी गेली ते मला बापूंनी सांगितलं. कसं सांगितलं, ते आता सांगतो.

भरतीचा कागद आला त्या दिवशी माझी आई भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "पगार भेटन, कपडे भेटतीन, समदं खरं. पन त्याइनं सांगतलं याले मार, तं तू मारशीन?"

मी म्हणालो, "समोर दुश्मन असला तं मारा लागन."

"अन् दुश्मन नसला तं? नुसता मानूस असला तं?"

मी पाचवीपर्यंत शिकलो. माझ्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मग मी इथं आलो, या विहिरीवर. बापू मोट हाकत होते. मी आईचा प्रश्न त्यांना जसाच्या तसा सांगितला.

बापू म्हणाले, "हुकूम पाळा लागते. पहाऱ्यावर उभं केलं अन् तू झोपला, तं मांगं झोपेल पोरं मरतीन. एकामेकाचे हुकूम पाळले म्हनून आमी वापस आलो."

मला हलकं वाटलं. मी निघालो. तेवढ्यात बापूंनी बैल थांबवले. "थांब बे. आर्धीच गोठ झाली."

वाळूचा मुलूख होता. पलटण माघारी येत होती. मागून येणाऱ्या शत्रूला पाणी मिळू नये, म्हणून वाटेतल्या विहिरींत मेलेली खेचरं टाकायचा हुकूम होता. पहिली विहीर एका वस्तीची होती. बापूंनी दोर धरला, खेचर ओढलं आणि टाकलं. मागं वळून पाहिलं तर एक बाई रिकामी घागर घेऊन उभी होती. बापू मला म्हणाले, "तिनं शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं. ते नुसती उभी राह्यली."

तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे बाळंतीण उठली की आधी विहिरीची पूजा करते. काकूंनी शेषरावभाऊंच्या वेळी याच विहिरीला हळदकुंकू वाहिलं होतं. तेव्हा बापू तिकडे, त्या वाळूत होते.

दुसरी विहीर आली. बापूंनी दोर खाली ठेवला. हवालदार म्हणाला, "हुकूम है." बापू म्हणाले, "मालूम है. लड़ने भेजो, जाऊँगा. पानी में नहीं डालूँगा."

मंडळी, ती विहीर वाचली नाही. दुसऱ्यांनी खेचर टाकलं. त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर बापूंची फीत कापली. कापणारा तोच हवालदार होता.

मी बापूंना विचारलं, "मंग फायदा काय झाला? फीत बी गेली, इहीर बी गेली."

बापू म्हणाले, "मले बी रातभर तेच वाटलं."

तिसरी विहीर दोन दिवसांनी आली. बापू हाताची घडी घालून उभे राहिले. आणि त्यांच्या शेजारी आणखी दोन पोरं येऊन उभी राहिली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एक पंजाबचा होता, एक साताऱ्याकडचा. हवालदारानं तिघांकडे पाहिलं. मग विहिरीत वाकून पाहिलं. पाणी चांगलं वर होतं. तो सरळ झाला आणि म्हणाला, "लिखो, कुआँ सूखा है." खेचर वाळूत पुरलं आणि पलटण पुढे गेली.

हे सांगताना बापू हसले. पारावर हसायचे तसं नाही. म्हणाले, "हवालदार वाईट नव्हता रे. त्याले बी वरूनच आल्तं. ज्यानं हुकूम लिवला त्याले इहीर दिसत नाही. आपल्याले दिसते. मंग सांगा कोनं लागन?"

मी विचारलं, "बापू, हे गावाले काऊन नाही सांगतलं? दारूचा बट्टा काऊन घेतला?"

बापूंनी बैलांच्या पाठीवर हात फिरवला. "दुसऱ्या इहिरीची गोठ सांगतली, तं पहिलीची बी सांगा लागते."

काल मी काकूंना विचारलं, हे सभेत सांगू का? काकू म्हणाल्या, "सांग बाबू. दोनी सांग. पहिली बी अन् तिसरी बी." म्हणून दोन्ही सांगितल्या. तात्या, तुम्ही खाली पाहू नका. बापूंना तुमची थट्टा आवडायची. ते मला म्हणाले होते, "तात्या इचारते म्हनून तं आठोन राह्यते."

बापू परत आल्यापासून या विहिरीवर ज्यानं दोर आणला त्यानं पाणी नेलं. तू कोणत्या जातीचा, दोर कुठून आणलास, असं बापूंनी कोणाला विचारलं नाही. हे बंद करा म्हणून पंचांनी बोलावून समज दिली, तेव्हाही बापू एवढंच म्हणाले, "मले जमत नाही." ते तेव्हा गावाला हट्ट वाटलं.

आई, तू तिथं बायकांत बसली आहेस. त्या दिवशी तुला उत्तर देता आलं नाही. आज देतो. मी जाणार आहे. पहाऱ्यावर उभं राहा म्हटलं तर उभा राहीन, झोपणार नाही. समोरून गोळी आली तर गोळी चालवीन. पण दुश्मन नसला, नुसता माणूस असला, तर "मी हे करणार नाही" एवढे शब्द मी बोलेन. मी भित्रा आहे, तुला माहीत आहे. माझा आवाज कापेल, आता कापतो आहे तसाच. पहिल्या वेळी कदाचित निघणारही नाही. बापूंचाही निघाला नव्हता. पण मला माहीत आहे की एकजण उभा राहिला की शेजारी दोघं येतात. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. हे मला त्यांनी सांगितलं, जे तिथं उभे राहिले होते.

आता शेवटचं. बापू गेल्यापासून मोट बंद आहे. आज सकाळी काकू म्हणाल्या, "वांगे सुकून राह्यले, मोट चालू करा." शेषरावभाऊंनी बैल जुंपले आहेत. तुम्ही सगळे उभे राहा. कोणी बोलू नका. भाऊ मोट खाली सोडतील. ती भरून वर येईल आणि थारोळ्याच्या हौदात रिकामी होईल. तोवर आपण बापूंची आठवण करू.

पाण्याचा आवाज आला की खाली बसा.